नळाला बांधलेली तार

आमच्या घरातल्या पहिल्या संगणकाचे भाग मी स्वतः निवडले. एकेक करून, चार-पाच महिने लावून. सगळे नीट निवडले, एक सोडून. तो चुकीचा आहे हे मला घेतानाच माहीत होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नवीन शतक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं गाव मुरबाडहून टोकावड्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, फाट्यावर उतरून अर्धा तास चालत. बाबा भातशेती सांभाळून मुरबाडजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. आई घर बघायची आणि म्हैस. ती म्हैस बाबांनी म्हसा गावच्या जत्रेतून आणली होती, पहिलारू होती तेव्हा. मी मुरबाडच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होते. आसपासच्या शाळांचे मास्तर तिथं प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायचे. काम घ्यायचा क्लासचा मालक, करायची मी. घरी स्वतःचं मशीन असतं तर, हा विचार तिथूनच आला.

तयार संगणक आमच्या आवाक्यात नव्हता. क्लासमध्ये दुरुस्तीला येणारा माणूस म्हणाला, सुटे भाग घेऊन जोडलात तर पुष्कळ स्वस्त पडेल. शहापूरचं एक दुकान त्यानंच सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी मी सरळगावच्या फाट्यावर उभी राहून शहापूरची एसटी धरली. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं दुकान होतं. दुकानदार पंचेचाळिशीचा असेल. आधी तो टीव्ही दुरुस्त करायचा. उजव्या हाताची दोन बोटं त्याला पुरती मिटता येत नसत. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा झटका बसला होता, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, विशेष काही नसल्यासारखं. मी त्याला काका म्हणायला लागले. तो मला ताई म्हणायचा.

मी पेपरातल्या जाहिराती बघून यादी करून नेली होती. सगळ्यात वेगवान प्रोसेसर, बरी मेमरी, स्वस्तातला मदरबोर्ड. त्यानं ती दोनदा वाचली.

"ह्यातली एकेक वस्तू चांगली हाय," तो म्हणाला. "पण एकमेकीला चालणार नायत."

त्यानं काउंटरवर एक मदरबोर्ड ठेवला आणि त्यावरचा पांढरा चौकोन दाखवला. शेकडो बारीक छिद्रं. प्रोसेसरच्या खालच्या सुया त्यात बसतात. दोन कंपन्यांचे प्रोसेसर, दोघांच्या सुया वेगळ्या. एकाच कंपनीचा जुना आणि नवा, त्यांच्याही वेगळ्या. तेव्हा आधी प्रोसेसर ठरवायचा, मग त्याला चालेल तो बोर्ड, मग त्या बोर्डाला चालेल ती मेमरी. मेमरीच्या पट्टीला खालून खाच असते. जुन्या पट्टीला दोन, नवीला एक. खाच जुळली नाही तर पट्टी आत जात नाही.

"आणि जोर लावला तर?" मी विचारलं.

"जोर लावणारी मानसं मग माझ्याकडे येतात."

मी वहीत सगळं लिहून घेतलं. घरी जाऊन आकृत्या काढल्या. तरीसुद्धा पुढच्या महिन्यात कल्याणला गेले असताना एका दुकानात मेमरी स्वस्त मिळाली म्हणून घेऊन आले, आणि शहापूरला नेऊन दाखवली तर ती दोन खाचांची निघाली. माझ्या बोर्डाला एका खाचेची हवी होती. काकानं ती ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात चालणारी दिली. वर थोडेच पैसे घेतले.

असे प्रोसेसर, बोर्ड, मेमरी, हार्ड डिस्क झाली. कुणीतरी विकलेला चौदा इंची मॉनिटर त्यानंच मिळवून दिला. राहिली पेटी, म्हणजे ज्यात हे सगळं बसवायचं तो पत्र्याचा कॅबिनेट, आणि त्यातला सप्लाय.

सप्लाय म्हणजे पेटीच्या मागच्या बाजूला वर बसणारा पत्र्याचा डबा. घरातली वीज त्यात शिरते आणि पाच व्होल्ट, बारा व्होल्ट अशी होऊन बाकीच्या भागांना मिळते. काकानं दोन डबे काढले आणि माझ्या दोन हातांवर एकेक ठेवला. एक चांगलाच जड होता. दुसरा रिकाम्या डब्यासारखा.

"दोन्हीवर तीनशे वॅट लिहिलंय," मी म्हणाले.

"लिहायला काय लागतं." त्यानं हलका डबा परत घेतला. "सगळे येतात ते प्रोसेसर विचारतात. ह्याला कोन विचारत नाय. ताई, बाकीचं काय पन चुकलं तर मशीन चालू होत नाय. हे चुकलं तर मशीन चालू होतं. तेच वाईट."

मग त्यानं विचारलं, "घरी अर्थिंग हाय का?"

मला नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोकं असतात, त्यातल्या वरच्या मोठ्या भोकामागून एक तार जमिनीत जायला हवी. अंगणात खड्डा घेऊन धातूची प्लेट पुरायची, कोळसा आणि मीठ घालायचं, वरून पाणी देत राहायचं. पेटीत कधी वीज उतरलीच तर ती तिथून जमिनीत जाते, माणसातून जात नाही. गावाकडच्या निम्म्या घरांत ते भोक नुसतं शोभेला असतं.

"ते करा, मगच चालू करा," तो म्हणाला. जड सप्लायची पेटी त्यानं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली.

ती पेटी मी आणली नाही. प्रिंटर घ्यायचा राहिला होता, आणि प्रिंटरशिवाय प्रश्नपत्रिका कशा द्यायच्या? कल्याणच्या त्याच दुकानात निम्म्या किमतीत पेटी मिळत होती, सप्लायसकट. समोर निळा दिवा होता. मी ती उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली, कारण ती किती हलकी आहे ते मला बघायचं नव्हतं. शहापूरला गेल्यावर काकाला सांगितलं, मैत्रिणीकडून पेटी मिळाली. सप्लाय जड आहे का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणाले.

मशीन मी घरीच जोडलं, एका रविवारी. आमचं घर मातीच्या भिंतींचं, जमीन शेणानं सारवलेली. खिडकीपाशी टेबल लावलं. त्या खिडकीतून गोठा दिसायचा, आणि गोठ्याबाहेरची, म्हशीला पाणी प्यायची सिमेंटची दोण. नळयोजनेचं पाणी लोखंडी पायपातून तिथं येई. पायपाचं तोंड दोणीतच सोडलं होतं. प्रोसेसर अलगद बसला, मेमरी टक् करून बसली. बटण दाबलं, निळा दिवा लागला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. बाबा मागे उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सारवताना आईचा ओला हात पेटीला लागला. तिनं तो झटकन मागे घेतला.

"धरतंय गो हे."

मी हात लावला. बोटांना मुंग्या आल्या, दातांत कसंसंच झालं. पायात चप्पल घालून लावला तर काहीच नाही. बाबांना अर्थिंगबद्दल सांगितलं. प्लेट आणायची, खड्डा घ्यायचा, खाली मुरूम असल्यामुळे पहार लावायची, या सगळ्याला वेळ लागणार होता आणि वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका पंधरा दिवसांवर आल्या होत्या.

"जमिनीतच न्यायचीय ना तार?" बाबा म्हणाले. "मग नळाचा पाइप जमिनीतच हाय की."

त्यांनी सॉकेटच्या तिसऱ्या भोकापासून तार काढली, खिडकीतून बाहेर नेली आणि दोणीवरच्या पायपाला पक्कडीनं आवळून बांधली. मुंग्या थांबल्या. आईनं हात लावून बघितला, पुन्हा लावून बघितला, आणि हसली. मीही मान हलवली. हे काकानं सांगितलेलं नाही हे मला कळत होतं. पण मुंग्या तर थांबल्या होत्या. तरी मशीनशी मी चप्पल घालूनच बसत असे.

परीक्षेचं काम पार पडलं. मग लग्नसराईच्या पत्रिका आल्या. चैत्र गेला, जमीन भेगाळली, आणि कधीतरी त्याच दिवसांत म्हशीनं दोणीतलं पाणी प्यायचं सोडलं.

आधी आईला वाटलं, उन्हानं झालं असेल. म्हैस दोणीपाशी यायची, मान खाली घालायची, आणि पाण्याला नाकपुडी लागायच्या आत मान वर घेऊन मागे सरकायची. तहानलेली असायची. तिथंच उभी राहून पाण्याकडे बघत राहायची. आई विहिरीवरून बादली आणून पुढे ठेवी, ती मात्र एका दमात रिकामी करी. बाबांनी दोण घासून धुतली. ढोरांचा डॉक्टर येऊन तोंड, दात, ताप बघून गेला. जनावर धडधाकट आहे म्हणाला. आईनं संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दूध कमी झालं. कुणी दोणीकडे न्यायला लागलं की ती पाय रोवून उभी राहायची.

एके दुपारी भारनियमनानं लाइट गेली होती. मी खिडकीशी बसले होते. म्हैस दोणीपाशी आली, मान खाली घातली आणि सरळ प्यायला लागली. बराच वेळ प्यायली. मी बघत राहिले. लाइट आल्यावर ती पुन्हा फिरकली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मी हे कुणाला बोलले नाही. मनात आलेली गोष्ट पुरी होऊ द्यायची नाही म्हणून मी वळले आणि पत्रिकेतल्या नातेवाइकांची नावं टाइप करत बसले.

त्या आठवड्यात प्रिंटरची शाई आणायला शहापूरला गेले. काकानं मशीन कसं चाललंय ते विचारलं. छान, म्हणाले. मग उगाच, गंमत सांगितल्यासारखं सांगितलं, की आमची म्हैस आता नळाचं पाणी पीत नाही, तिला विहिरीचं लागतं.

काका शाईची पुडी बांधत होता. त्याचे हात थांबले.

"अर्थिंगची तार कुठं बांधलीय?"

मी म्हणाले, "प्लेट पुरलीय. कोळसा-मीठ घालून. तुम्ही सांगितलं तसं."

"नळाला नाय ना बांधली?"

"नाही."

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मग ठीक," तो म्हणाला. "जनावराला आदी कळतं, म्हनून विचारलं. आपल्याला कळेपर्यंत उशीर होतो."

परतीच्या एसटीत मी ठरवलं, घरी गेल्यागेल्या तार सोडायची. घरी आले तर पत्रिकावाले ओट्यावर बसले होते. त्यांना सकाळी पत्रिका हव्या होत्या. तार सोडली तर पेटीला मुंग्या येणार, आई विचारणार, बाबा विचारणार. उद्या सोडू, असं म्हटलं. उद्याचाही एक दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या पाळीला गेले होते. दहाच्या सुमाराला लाइट गेली. मी भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं होतं, लाइट आली की प्रिंटरच्या आवाजानं कळावं म्हणून. खाटेवर बसून मी तयार पत्रिकांच्या घड्या घालत होते. बाहेर आई गोठा धुवायला रिकामी बादली घेऊन चालली होती. म्हैस दावणीतून सुटून दोणीपाशी आलेली.

"बग गो," आईनं बाहेरून हाक दिली. "आज पिते बग."

मी वर बघितलं. म्हशीचं तोंड दोणीत बुडलं होतं, कान हलत होते. खालची माती ओली होती. आई चार हातांवर बादली घेऊन उभी होती आणि बरं वाटल्यासारखी बघत होती.

मी पत्रिका टाकून उठले. बटणापर्यंत पाच-सहा पावलं असतील. दुसऱ्या की तिसऱ्या पावलाला प्रिंटर घरघरला.

म्हैस ओरडलीसुद्धा नाही. तिचे चारही पाय ताठ झाले आणि ती एका कुशीवर दोणीच्या कडेला कोसळली. तोंड पाण्यातच राहिलं. आईच्या हातातली बादली पडली आणि ती तिच्याकडे धावली.

"आई, हात लावू नको," मी ओरडले. "लांब हो. हात लावू नको."

ती थांबली. का थांबली कोण जाणे. माझा तसला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिचा हात म्हशीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होता. मी बटण बंद केलं आणि पिन उपटून काढली. मी तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसले.

गावातली माणसं जमली. कुणी म्हणालं, पान लागलं असणार, उन्हाळ्यात साप पाण्याला येतात. सगळ्यांना ते पटलं. दुपारनंतर बाबा आले. दहा-बारा जणांनी ओढून तिला ओढ्यापलीकडे नेऊन पुरलं. मी मशीन लावलं नाही. पत्रिकावाल्यांना सांगितलं, बिघडलंय.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना माझ्याकडे न बघता आईनं विचारलं, "तुला कसं कळलं गो?"

"काय?"

"हात लावू नको म्हनून. पान लागल्यालं जनावर आपन हातानंच उचलतो. तू म्हनालीस लांब हो."

बाबा तिथंच जेवत होते. मी सगळं सांगितलं. हलकी पेटी, काकाशी खोटं बोलले ते, लाइट गेली की म्हैस पिते हे मला दिसलं होतं ते. बाबांचा घास हातातच राहिला. ते उठले, हात धुतले, पक्कड घेतली आणि बाहेर जाऊन पायपावरची तार सोडली. सोडून झाल्यावरही ते बराच वेळ तिथं उभे होते. बांधली त्यांनीच होती.

आई म्हणाली, "त्या दिवशी म्हैस आली नसती तर मी आदी दोणीत बादली बुचकळली असती." तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला गेले. काउंटरशी उभी राहून काकाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, दुकानाची फळी लावली, पिशवीत हत्यारं आणि तो जड सप्लाय टाकला आणि माझ्याबरोबर एसटीत बसला.

अंगणात पोतं पसरून त्यानं माझा सप्लाय उघडला. आतल्या पट्टीवर जिथं भाग असायला हवे होते तिथं बऱ्याच ठिकाणी नुसती भोकं होती. वीज आत आणणारी तार पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून गेली होती. पंख्याच्या थरथरण्यानं ती कडेला घासत राहिली होती, रोज थोडी थोडी. आता तिचं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं. म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या तशा किरकोळ होत्या. खरं जे काही व्हायचं ते मुंग्या थांबल्यानंतर सुरू झालं.

"पन पाइप तर जमिनीत हाय," बाबा म्हणाले.

काकानं त्यांना पायपाच्या बाजूनं चालत नेलं आणि कुंपणापाशी पहारीनं माती उकरली. दोन हातांवर लोखंडी पाइप संपून काळा प्लास्टिकचा सुरू होत होता. सुक्या मुरमात तेवढंसं लोखंड. वीज जमिनीत जाऊ शकत नव्हती, ती पायपावरच राहत होती. मग त्यानं आमचा फ्यूज काढला. सारखा उडतो म्हणून बाबांनी त्यात जाड तार घातली होती. काका ती बोटांत धरून बघत राहिला. बाबांनी मान खाली घातली.

तो मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि त्यानं मिळून खड्डा घेतला, कमरेइतका. प्लेट, कोळसा, मीठ. जड सप्लाय बसवला, फ्यूजला बारीक तार घातली, बल्ब लावून अर्थिंग तपासलं. पैसे त्यानं फक्त सामानाचे घेतले.

फाट्यावर सोडायला मी गेले. एसटी लांब दिसली तेव्हा तो म्हणाला, "प्लेट पुरलीय म्हनालात तेव्हाच मला वाटलं होतं, खोटं हाय."



"मी परत विचारायला पायजे होतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक हाय, वाईट वाटेल, म्हनून विचारलं नाय." आणि एसटीत चढला.

त्या मशीनवर मी पुढे सहा वर्षं काम केलं. दुसऱ्यांसाठीही मशीनं जोडली, गावांत, शाळांत, एका पाड्यावरच्या आश्रमशाळेतसुद्धा. कुठंही गेले तरी आधी सॉकेटमागची तार कुठं जाते ते चालत जाऊन बघत असे. लोक कंटाळायचे. चहा गार व्हायचा.

घरी म्हैस पुन्हा घेतली नाही. दोण रिकामीच राहिली, नंतर आईनं तिच्यात माती भरून अळू लावलं. पाण्याच्या नळाला हात लावण्याआधी मात्र ती उंबऱ्याशी येऊन उभी राहायची.

"चालू हाय का गो?"

सुरुवातीला मी सांगून बघितलं की आता अर्थिंग आहे, फ्यूज आहे, भीती नाही. ती ऐकून घ्यायची आणि तिथंच उभी राहायची. मग मी सांगणं सोडलं. हातातलं काम असेल तिथं थांबवायचं, मशीन बंद करायचं, पिन काढून तिला हातात धरून दाखवायची. तेव्हा ती वळायची. तिचं पाणी भरून होईपर्यंत मी पिन हातात घेऊन बसून राहायचे.